मनोहररावांचा टीचभर वड

प्रेमिलाबाईंनी परातीत कणीक घेतली, मध्ये आळं केलं, पाणी ओतलं, आणि ते पाणी सरळ त्यांच्या पायांवर आलं. त्यांनी परात उचलून उजेडात धरली. बुडाला तीन भोकं होती आणि तिन्हींतून नागपुरातल्या सक्करदऱ्याचं सकाळचं ऊन आरपार दिसत होतं. परातही साधीसुधी नव्हती. कळमेश्वरहून माहेरची आलेली, जाड पितळेची, काठावर आईचं नाव घातलेली, सणावारालाच बाहेर निघणारी. प्रेमिलाबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांनी परात नुसती भिंतीला टेकवून ठेवली. बाहेरच्या खोलीत मनोहरराव पेपर वाचत होते. त्यांनी तो थोडा आणखी वर धरला.

आता मनोहररावांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण त्या घरात ती दुसरं कोणी ऐकत नसे. मनोहरराव एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. त्या उन्हाळ्यात त्यांचे मोठे साहेब सरकारी खर्चाने जपानला जाऊन आले आणि आल्यावर त्यांनी क्लबात पडद्यावर चित्रं दाखवली. खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून कारकुनांनाही बोलावलं होतं. बाकीचे कारकून चहा येईपर्यंत डुलक्या घेत बसले. मनोहररावांनी मात्र पडद्यावर बशीएवढ्या कुंडीत टीचभर उंचीचं, दोनशे वर्षांचं झाड, बोन्साय म्हणतात ते, पाहिलं आणि त्यांचा जीव त्यात अडकला. मुळं छाटायची, फांद्या वळवायच्या आणि आभाळाला टेकणारं झाड टेबलावर आणून ठेवायचं. जपानी माणूस त्याच्या देवदाराचं एवढं करतो तर आपल्या वडा-पिंपळाचं आपण का करू नये, असा त्यांनी घरी येताना सायकलवर स्वतःलाच सवाल केला. म्हणजे मूळ हेतू देशाभिमानाचा होता. परातीला भोकं पाडताना माणसाच्या मनात काय होतं, हे कोणी बघतच नाही.

पण प्रेमिलाबाईंनी याआधी बरंच बघितलं होतं. होमिओपॅथीची पेटी बघितली होती, तिच्यातल्या गोड गोळ्या शेजारच्या पोरांनी खाऊन संपवल्या. हार्मोनियम बघितलं होतं, त्यात उंदरीण बाळंत झाली. मधमाश्याही बघितल्या होत्या, त्या आठवडाभरात वामनरावांच्या घरी राहायला गेल्या. वामनराव म्हणजे शेजारचे रिटायर्ड रेल्वे गार्ड. आयुष्यभर हिरवं-लाल निशाण दाखवून त्यांना अशी सवय लागली होती की, कोणाचंही काहीही चाललेलं दिसलं की ते निशाण दाखवल्याशिवाय राहत नसत. मनोहररावांनी त्यांच्याच न्हाणीच्या भिंतीतून पिंपळाचं रोप उपटून आणलं, मुळांचा तिसरा हिस्सा छाटण्याऐवजी तिसरा हिस्सा ठेवून बाकी छाटला, परातीत लावलं, आणि वामनरावांनी हिरवं निशाण दाखवलं की झाडाला ऊन पाहिजे. नागपूरचं मे महिन्याचं ऊन ते. तिसऱ्या दिवशी पिंपळाचा पापड झाला. मग उंबर आणला. त्याला वामनरावांनी ताक सांगितलं. उंबर मेला तो मेला, वर परातीला महिनाभर वास येत राहिला. शेवटी मनोहररावांनी परात चिंचेने लख्ख घासली, पूर्वीच्या जागी ठेवली, आणि कोणाच्या लक्षात येणार नाही अशी आशा धरली. नवरे मंडळी अशी आशा का धरतात, हे एक कोडंच आहे.

त्या दिवशी जेवताना प्रेमिलाबाई बोलल्या. आवाज अगदी शांत होता.

"अजी, तुमचं एक काम तरी कधी पुरं झालं का? दसऱ्यापर्यंत ते तुमचं टीचभर झाड मले जितं करून दाखवा. नाही झालं तं दसऱ्यापासून रोज संध्याकाळी भैयाजीच्या दुकानात बसाचं. तो केव्हाचा म्हणून राहिला, घरचं माणूस पाह्यजे."

भैयाजी हे प्रेमिलाबाईंचे धाकटे भाऊ. इतवारीत धान्याचं ठोक दुकान. शेजारी मिरचीचा व्यापारी. हेडक्लार्क माणसाने कचेरीतून सुटल्यावर त्या गल्लीत हातगाड्यांच्या मधून वाट काढत जायचं, शिंकत शिंकत तूरडाळीच्या काट्याजवळ बसायचं, आणि मेहुण्याने गिऱ्हाइकासमोर 'भाऊजी, ते पोतं जरा इकडं सरकवा' म्हणायचं. मनोहररावांनी हातातली पोळी ताटात ठेवली. संध्याकाळ हीच काय ती त्यांची स्वतःची जहागीर होती. तिच्यात काही पुरं होत नव्हतं हे खरं, पण सुरू तर होत होतं. त्यांनी अट मान्य केली.

रोपाच्या नादी लागून उपयोग नाही, हे आता त्यांना कळलं होतं. रोपाचं झाड दिसायला वर्षं लागतात आणि दसरा तर चार महिन्यांवर. मग त्यांना साहेबांच्या भाषणातली दुसरी युक्ती आठवली. ती आपल्याकडचे माळीही डाळिंबावर आणि पेरूवर करतात, तिला गुटी म्हणतात. मोठ्या झाडाची मनगटाएवढी जुनाट फांदी निवडायची, दोन बोटं रुंद साल गोल सोलून काढायची, तिथे शेण-माती थापून वर फडकं बांधायचं आणि ओलं ठेवायचं. दोन महिन्यांत फांदीला तिथेच मुळं फुटतात. मग खालून कापली की हातात तयार म्हातारं झाड. मनोहररावांनी ठरवलं, फांदी घ्यायची ती तलावाच्या वाटेवरच्या वडाची. तो वड एवढा मोठा होता की त्याच्या सावलीत न्हाव्याची खुर्ची, सायकलवाला आणि देवरावांचा पानठेला असं सगळं बसूनही म्हशींना जागा उरत असे.

झाड सरकारी आणि मनोहरराव सरकारी नोकर, त्यामुळे त्यांनी रीतसर परवानगी मागायचं ठरवलं. हीच त्यांची चूक. बगीच्यांच्या कचेरीने सांगितलं, झाड रस्त्याच्या कडेला आहे म्हणून रस्त्यांच्या कचेरीचं. रस्त्यांच्या कचेरीने सांगितलं, बुंधा आमचा पण तुम्ही म्हणता ती फांदी नाल्यावर येते, म्हणजे नाल्यांच्या कचेरीची. नाल्यांचे बाबू देवमाणूस होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा पाजला आणि विचारलं, फांदी तोडायची आहे का? मनोहरराव म्हणाले, आत्ता नाही, आत्ता फक्त सोलून फडकं बांधायचं आहे. बाबूंनी बराच विचार केला. फांदी तोडायची परवानगी देता येत होती, झाड लावायची देता येत होती, पण फडकं बांधायची परवानगी त्यांच्या सगळ्या नोकरीत कोणी मागितली नव्हती. त्यांनी सल्ला दिला की अशी गोष्ट विचारून करू नये, करून टाकावी.

म्हणून आषाढातल्या एका दुपारी, सगळा सक्करदरा जेवून लवंडलेला असताना, मनोहरराव स्टूल, चाकू आणि शेण-मातीचं घमेलं घेऊन वडाखाली गेले. साल सोलली, तेव्हा चिकाची धार थेट मनगटावरून बगलेपर्यंत गेली. शेण-माती थापली. गोणपाट आणायचं विसरले होते, म्हणून प्रेमिलाबाईंच्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा गुंडाळला, सुताने करकचून बांधला, आणि गाठ पक्की बसली का हे दोन्ही तळव्यांमध्ये दाबून पाहिलं. मग वर बघत तसेच क्षणभर उभे राहिले. ते खरं तर मान अवघडली म्हणून.

वाटेच्या दुसऱ्या टोकाला, जिथून लांबवर वड दिसे, त्या आपल्या ओट्यावर म्हाताऱ्या जिजाबाई जात्याजवळ बसून होत्या. गुडघ्यांच्या दुखण्याने त्यांना दुपारची झोप नव्हती. मनोहररावांना त्या लहानपणापासून ओळखत. या माणसाने बापाच्या तेरवीतही 'हे सगळं थोतांड आहे' म्हणून भाषण दिलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. आणि आता हाच माणूस भर दुपारी स्टुलावर चढून वडाला लाल गाठोडं बांधून हात जोडतो आहे. जिजाबाईंनी दोन आणि दोन मिळवले. त्यांचे पाच झाले, पण त्यात त्यांचा काय दोष?

कारण दुसऱ्याच दिवशी मनोहररावांची सिरोंच्याची बदली रद्द झाली. ही बदली वर्षभर त्यांच्या डोक्यावर टांगलेली होती. सिरोंचा म्हणजे राज्याचं शेवटचं टोक, पावसाळ्यात होडीने जायचं गाव. रद्द होण्याचं कारण एवढंच की बदली दुसऱ्याच मनोहररावांची होती आणि ते मनोहरराव मागच्या वर्षीच रिटायर झाले होते. पण कचेरीतलं कारण कोण ऐकतो. गाठोडं बांधलं अन् बदली रद्द, हे संध्याकाळपर्यंत तलावाच्या पलीकडे पोचलं.

आठवड्यात वडावर आणखी गाठोडी दिसू लागली. लाल फडकं, आत शेण आणि माती. जिजाबाईंनी पाहिलं होतं तसंच, काटेकोर. फक्त साल कोणी सोलत नव्हतं, ते त्यांना दिसलं नव्हतं. वामनरावांनी गॅसच्या सिलिंडरसाठी बांधलं. न्हाव्याने पोराच्या मॅट्रिकसाठी बांधलं. ज्यांचा स्कूटरचा नंबर सहा वर्षांपासून लागत नव्हता असे एक प्रोफेसर धरमपेठेहून आले आणि कोणी ओळखू नये म्हणून काळा चष्मा लावून बांधून गेले. देवरावांनी पानाबरोबर नारळ ठेवायला सुरुवात केली, मग नारळाबरोबर पान ठेवायला लागले. रोज संध्याकाळी मनोहरराव लोटा घेऊन आपली गुटी भिजवायला गेले की मागे चाळीस-पन्नास लोक लोटे घेऊन उभे राहत. ते पुढे का जात नाहीत, असं एकदा मनोहररावांनी विचारलं, तर देवराव म्हणाले, पहिला मान तुमचा.

मनोहररावांनी लोकांना समजावून पाहिलं. वडाच्या पारावर उभं राहून त्यांनी साल, रस आणि मुळं यांच्यावर अर्धा तास भाषण केलं. लोकांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि शेवटी दोघांनी पायाला हात लावला. वामनराव सगळ्यांना सांगत होते की मोठी माणसं आपली भक्ती अशीच लपवतात. मनोहरराव घरी येऊन उपाशीच झोपले. आयुष्यभर त्यांना वाटत होतं की आपलं कोणी ऐकावं, आणि आता ऐकत होते तर असे.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली, आणि एका संध्याकाळी लोटा उपडा करताना मनोहररावांना फडक्यातून काहीतरी पांढरं बाहेर आलेलं दिसलं. नखाएवढं कोवळं मूळ. मग आणखी एक. मग बाजूने चार-पाच. त्यांना एवढा आनंद झाला की स्टुलावरच ते मोठ्याने हसले. आजवर त्यांच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी फुटलं होतं, म्हणजे मोडलं नव्हतं, उगवलं होतं. खाली सगळ्या लोट्यांमध्ये एकच कुजबूज झाली. बाकीच्या एकाही गाठोड्याला मूळ नव्हतं. देव पावला होता, आणि पहिल्या मानकऱ्यालाच पावला होता.

आता फांदी कापायची तेवढी राहिली. पण देवरावांनी तोवर पाराचे नियम करून टाकले होते. गाठोडं सोडायचं तर नवस फेडूनच सोडायचं. मनोहरराव तावातावाने नाल्यांच्या कचेरीत गेले. मागे परवानगी देत होता ती आता द्या म्हणाले. बाबूंनी उठून दार लावलं आणि हळूच सांगितलं, "साहेब, त्या वडाले हात लावाचा कागद मी काही लिहिणार नाही. माह्यंबी एक गाठोडं हाय तिथं."

आणि आपल्याकडे नवस फेडायचा म्हणजे रोडगे आलेच. झाडाखाली गोवऱ्यांचा आर पेटवायचा, त्यात कणकेचे गोळे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, आणि येईल त्याला वाढायचं. दसरा जवळ येत होता. मनोहररावांनी मान खाली घालून प्रेमिलाबाईंना विचारलं. प्रेमिलाबाईंनी भैयाजीला निरोप धाडला. इतवारीतून टेम्पो भरून गहू-डाळ आली, वर स्वतः भैयाजी. त्यांनी पंगतीत वाढता वाढता सगळ्यांना सांगितलं की दसऱ्यापासून भाऊजी दुकानात येणार आहेत, जागाही करून ठेवली आहे. सगळा सक्करदरा जेवला. रोडगे उत्तम झाले होते, हे मनोहररावांनाही नाकारता आलं नाही. वांगी तर अशी जमली होती की वामनरावांनी सल्ला न देता तीनदा भाजी घेतली. मग बँडवाले आले, ते कोणी बोलावले हे शेवटपर्यंत कळलं नाही, आणि बँडच्या तालावर थोतांडाचे वैरी मनोहरराव हातात करवत आणि कपाळावर गुलाल घेऊन स्टुलावर चढले.

देवरावांनी हात वर करून बँड थांबवला. नवस काय होता तो चारचौघांत सांगायचा, असा नियम त्यांनी त्याच क्षणी केला.

मनोहररावांनी खाली पाहिलं. खोटं बोलावं असं त्यांच्या मनात आलं, बदलीचं सांगितलं असतं तर सगळेच खूश होते. पण आता त्यांना उबग आला होता. ते म्हणाले, "मले टीचभर वड पाह्यजे होता. घरी ठेवासाठी. बस, एवढंच."

मग कोणीतरी म्हणालं की बघा, माणूस देवाजवळ देवालाच मागतो. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, बँड पुन्हा सुरू झाला, आणि मनोहररावांनी फांदी कापली.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी ओसरीवर कात्री, माती आणि तीच तीन भोकांची परात मांडली. दोन-तीन आठवडे रॉकेलच्या रिकाम्या डब्यात मातीत लावून ठेवलेल्या फांदीने तोवर खाली मुळांचा एवढा पसारा केला होता की छाटल्याशिवाय ती परातीत बसणं शक्य नव्हतं. साहेबांनी चित्रं दाखवली होती तेव्हा हाच मुख्य भाग होता. मुळं छाटली की बोन्साय झालं. मनोहररावांनी कात्री उचलली, आणि वर पाहिलं तर अंगण बायकांनी भरलेलं होतं. वडाचं बाळ आज परातीत बसणार, अशी बातमी होती. पुढे जिजाबाई होत्या, काठी टेकत, दोन घरांवरून येतानाही धापा टाकत.

त्यांनी कात्री बघितली, मुळं बघितली.

"काहून गा मनोहर? लेकरू घरात मावत नाही म्हणून त्याचे पाय कापते का कोणी?"

मनोहररावांजवळ याचं उत्तर होतं. जपानचं होतं, शास्त्राचं होतं, अर्ध्या तासाचं होतं. ते तोंड उघडणार, एवढ्यात जिजाबाई ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या की आता वडापर्यंत चालवत नाही, वटपौर्णिमेलाही दोन वर्षं गेल्या नाहीत, घरी फांदी आणून पूजली. हा दारात लागला तर आपण मरेपर्यंत येत जाऊ. त्या मागत नव्हत्या, सहज सांगत होत्या. मनोहररावांच्या हातातली कात्री जड झाली. दोन महिने रोज पाणी घातलं होतं त्यांनी त्या मुळांना. पहिलं मूळ दिसलं तेव्हा ते हसले होते. आता तेच कापायचं होतं.

त्यांनी कात्री ठेवली आणि कुदळ आणली. फाटकाजवळ खड्डा खणला. बायकांनी माती लोटली, वामनरावांनी निशाण दाखवलं की जरा डावीकडे, म्हणून मनोहररावांनी झाड जरा उजवीकडे लावलं. सोनं वाटून झालं. संध्याकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला, सायकल काढली आणि प्रेमिलाबाईंना म्हणाले, झालं नाही आमचं टीचभर झाड, चाललो इतवारीला. शब्दाला जागायचं हा त्यांचा बाणा होता.

प्रेमिलाबाईंनी सायकलचं हँडल धरलं.

"भैयाजीले मी दुपारीच सांगून पाठवलं. यायले फुरसत नाही म्हणून. रोज संध्याकाळी झाडाले पाणी कोण घालन? मी?" मग सायकल भिंतीला लावत म्हणाल्या, "अन् त्या परातीत तुळस लावते मी. बसा आता."

मनोहरराव बसले. आनंदाने त्यांना काही सुचेना, म्हणून ते तसेच धुतलेल्या सदऱ्याने झाडाला पाणी घालायला उठले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. वडाने आधी फाटक उचललं, मग कुंपण ढकललं, मग वामनरावांच्या न्हाणीवर पारंब्या सोडल्या. मागच्या वर्षी तारा अडतात म्हणून विजेच्या कचेरीतून एक नवीन पोरगेला साहेब आला. वर बघता बघता त्याची टोपी पडली. एवढं झाड घरासमोर का लावलं, असं त्याने जरा चढ्या आवाजात विचारलं.

मनोहरराव त्याच झाडाच्या पारावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि शांतपणे सांगितलं, "बोन्साय हाय साहेब. मुळं छाटाची तेवढी राहून गेली."